मोहाखालची झाडलेली जागा

आधी सोनीबायचं नाव लिहिते, मग बाकीचं. तलासरीच्या पुढे एका पाड्यावर तिचं कुडाचं घर आहे, आणि घरामागे तिच्या सासऱ्याच्या वेळचं मोहाचं झाड. ती मला सगळी मिळून तीन दिवस ओळखत होती, त्यातही पहिल्या दिवशी चोर म्हणून. तिला लिहितावाचता येत नाही, म्हणजे हे काही ती वाचणार नाही. पण शलोमी तिला वाचून दाखवणार आहे, तेव्हा जे लिहीन ते जपून आणि खरं लिहायला हवं.

शलोमी माझी मुलगी. आम्ही श्रीरामपूरजवळच्या एका खेड्यात राहतो. मी सहावीपर्यंत शिकले. सातवीची शाळा पुढच्या गावात होती आणि वाटेत ओढा होता. वडील म्हणाले, "एवढ्या लांब पोर कशी धाडू? मला झोप लागायची नाही." झालं, दप्तर खुंटीला लागलं. वडील वाईट नव्हते, काळजीचे होते. तो गुण त्यांनी मला पुरेपूर दिला. घरातून निघाल्यावर गॅस बंद केला का हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येते.

अशा बाईची मुलगी नर्स झाली आणि तिला पहिली नोकरी लागली ती तलासरीकडच्या एका लहान दवाखान्यात. मी मोबाइलवर नकाशा उघडून बघितला. बोट सरकवता सरकवता महाराष्ट्र संपत आला. पुढे गुजरात. मी म्हटलं, देवा, एवढ्याच लांब का, अजून थोडं पुढे धाडायचं होतंस.

दवाखान्याच्या डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं, "आईंना घेऊन ये, चारपाच दिवस राहू दे, त्यांचीही खात्री पटेल." म्हणून मी गेले. शलोमीच्या पप्पांना सांगून गेले की पटलं नाही तर पोरीला परत घेऊन येते. शनिवारी माझं परतीचं तिकीट होतं. तिचं काढायचं की नाही, ते त्या आठवड्यात ठरायचं होतं.

आणखी एक गोष्ट सोबत होती, ती म्हणजे वही. लेंटच्या, म्हणजे इस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पहिल्या दिवशी चर्चच्या पाळकीणबाईंनी आमच्या महिला मंडळातल्या प्रत्येकीला एक वही दिली होती. चाळीस दिवस रोज आजूबाजूला बघायचं आणि देवाच्या अभिवचनाची एक खूण लिहायची. झाड, पाखरू, ढग, काहीही. घरी असताना मी लिहिलं होतं: कडुनिंबाला तांबूस पालवी. शेजारच्या शेळीला जुळी. मीटरच्या पेटीमागे चिमणीचं घरटं. पण प्रवासाला निघाल्यावर मी त्या वहीत वेगळंच शोधायला लागले. अंगणात लोकर पसरून देवाकडे खूण मागणाऱ्या माणसाची गोष्ट आम्ही लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकली होती. मीही तसंच म्हटलं, प्रभू, ठेवू की नेऊ, ते स्पष्ट दाखव. आणि खरं सांगायचं तर मनातून मला एकच उत्तर हवं होतं.

डहाणू, मंगळवार

गाडीचा प्रवास सांगत बसत नाही. डहाणू रोडला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. तलासरीला नेणारी डॉक्टरबाईंच्या ओळखीची जीप संध्याकाळी निघणार होती, म्हणून शलोमी म्हणाली, "मम्मी, समुद्र बघू. तू कुठे पाहिलायस?" नव्हता पाहिला.

वाटेवर दोन्ही बाजूंना चिक्कूच्या वाड्या. आमच्याकडे चिक्कू म्हणजे आजारी माणसाला भेटायला जाताना न्यायचं फळ. इथे रस्त्याच्या कडेला टोपल्याच्या टोपल्या. एका कुंपणाशी थांबून मी नीट बघितलं, तर एकाच फांदीवर फूल, बोराएवढं कच्चं फळ आणि उतरायला आलेलं फळ, तिन्ही एकदम. फळं विकणारी बाई आधी आमच्याशी गुजरातीत बोलली, मग आमचे चेहरे बघून मराठीत आली. म्हणाली, "हे झाड कधी रिकामं नसतं. एक उतरवलं की दुसरं येऊन बसलेलं." मी लगेच वही काढून लिहिलं. पहिली खूण मिळाली होती, पण ठेवायची की न्यायची ते तिच्यात काही नव्हतं.

समुद्र मात्र जागेवर नव्हता. लांबच लांब काळपट ओली रेती आणि पाणी पार तिकडे, क्षितिजाला टेकलेलं. मी म्हटलं, "आटला की काय?" शलोमी हसली. किनाऱ्यावर बांबूंचे मांडव होते आणि त्यांवर बोंबील वाळत घातले होते. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टांगायची, चिमटा नको की काही नको. तो वास मला सोसवेना. आम्ही पिशवी रेतीवर ठेवली, चपला काढल्या आणि पाण्याच्या दिशेने निघालो.

चालून चालून पाणी येईना. मग एकदम आलं. समोरून नाही, बाजूच्या एका खळग्यातून, आवाज न करता. मागे वळून बघते तर पिशवीभोवती पाणी आणि एक चप्पल तरंगतेय. मी अशी पळाले, साडी गुडघ्यापर्यंत, की मांडवाखाली बसलेली कोळीण हातातलं काम सोडून बघत राहिली.

"ओ बाय!" ती ओरडली. "पानी काय तुमची वाट बघत थांबनार हाय? कुठनं आलात?"

"श्रीरामपूरकडनं."

"तिथं समुद्र नाय?"

"नाही हो, कॅनॉल आहे."

ती एवढी हसली की तिला ठसका लागला. मग उठली, पिशवीतलं सामान स्वतःच्या हाताने बाहेर काढलं आणि वही बोंबलांशेजारी दोरीवर टांगली. "सुकंल," म्हणाली. "वास ऱ्हाईल पन सुकंल." जीपची वेळ होईपर्यंत तिने आम्हाला हलू दिलं नाही. शलोमी तिच्याकडून जबड्यात जबडा अडकवायला शिकली. मी मात्र मनात धरून बसले की सामान भिजलं, ही काही बरी खूण नाही.

तलासरी, बुधवार

दवाखाना म्हणजे तीन खोल्या आणि पुढे ओटा. मागे शलोमीची राहायची खोली, एक खाट आणि एक खिडकी. खिडकीतून लाल माती, कापणी झालेली भातखाचरं आणि पलीकडे पाडा. पळस फुलले होते. पान एकही नाही आणि झाडभर फुलं, जणू कोणी निखारे फांद्यांवर मांडून ठेवलेत. आमच्याकडेही पळस आहेत, पण बांधावर एखादं. इथे डोंगर पेटल्यासारखा.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बोलायला सरळ. माझ्या हातात चहा देत म्हणाल्या, "शलोमीच्या आई, एक सांगते. काम अवघड नाही. बायकांनी दवाखान्यात येणं अवघड आहे."

तसंच झालं. दिवसभरात दोनच बायका आल्या. त्या आपसात बोलायच्या ते शलोमीला समजेना. मराठी सगळ्यांना येत होतं, पण परक्या माणसापुढे दुखणं सांगायला आपलीच बोली लागते. शलोमीने एकीला तीनदा विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय?" ती बाई तिच्याकडे न बघता डॉक्टरबाईंना म्हणाली, "नवी हाय का? जुनी गेली?"

संध्याकाळी शलोमी खाटेवर बसून रडली. मोठ्याने नाही, नाक ओढत. मी तिच्या केसांना तेल लावलं. तोंडाने म्हणत होते, "होईल गं सगळं," आणि मनात म्हणत होते, ही बघ खूण. आधी सामान भिजलं, आता पोर रडली.

गुरुवार, सकाळी

मला जाग आली ती वासाने. गोड, जड, थोडा आंबूस वास. फटफटत होतं. शलोमी झोपली होती. मी शलोमीची ओढणी घेऊन बाहेर पडले आणि वासामागे खाचरं ओलांडून गेले. पाड्याच्या कडेला एक मोठं झाड होतं. झाडाखाली सगळीकडे काहीतरी फिकट पिवळं पसरलं होतं, मोत्यासारखं, द्राक्षासारखं, रसाने टपोरलेलं. मी उभी असतानाच वरून एक पडलं. टप्. मग आणखी एक. झाडावर हलवणारं कोणी नव्हतं, वाराही नव्हता.

आणि जमीन किती स्वच्छ! आजूबाजूला सगळ्या रानात पाचोळा आणि तेवढ्याच गोल जागेत एक काडीही नाही. मी एक फूल तोंडात टाकलं. मधासारखं गोड. तुम्हीच सांगा, लेंटचे दिवस, परका मुलूख, पहाटेला आभाळातून पडणारं गोड अन्न, माझ्यासारखीने काय समजावं? मला सरळ रानातला मान्ना आठवला, बायबलमध्ये देवाने उपाशी लोकांसाठी आभाळातून पाडलेलं अन्न. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी खाली बसले, पदर पसरला आणि वेचू लागले. आज लागेल तेवढंच घ्यायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही, हेसुद्धा मनाशी ठरवलं.

"ए बाय! कोनाच्या झाडाखाली बसलीस?"

मागे एक म्हातारी उभी. काटक, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, काखेत टोपली. मी उठायला गेले आणि पदरातली फुलं सांडली.

"मला वाटलं..." मी म्हटलं. "वरून पडलंय. देवाचं आहे."

"देवाचंच हाय," ती म्हणाली. "पन झाडलंय मी."

मला काही समजलं नाही. तिने पायाने ती स्वच्छ जागा दाखवली. "ही जागा आपोआप झाली काय? रान कदी स्वताला झाडतं काय? शिमग्याच्या आदीपासनं रोज झाडते मी हितं. झाडलेलं दिसलं की समजायचं, मानूस हाय."

त्या मुलखातल्या लहान मुलालाही हे ठाऊक असतं. मोहाच्या झाडाखाली पाला झाडलेला असला की ती फुलं कोणाच्या तरी घरची. मला जे देवाने माझ्यासाठी मांडलेलं ताट वाटलं, ते एका म्हातारीच्या कंबरदुखीचं काम होतं. लाजेने माझे कान तापले. मी माफी मागू लागले, पदरातलं सगळं तिच्या टोपलीत ओतलं, खाल्लेल्या फुलाचीही माफी मागितली.

"एक खाल्लं ना? मग आता काम कर," ती म्हणाली आणि टोपली मध्ये ठेवून खाली बसली.

मीही बसले. ऊन अंगावर येईपर्यंत आम्ही वेचत राहिलो. हात चिकट झाले. तिने माझं सगळं विचारून घेतलं, गाव कुठलं, घरी कोण, जनावरं किती. मी विचारलं, "पहिलं फूल कोणत्या दिवशी पडतं?"

"माझ्या कानात सांगून पडतं काय ते?"

"मग रोज आधीपासून झाडता ते?"

"पडल्यावर झाडशील तर फुलंबी जातील ना पाल्याबरोबर." ती माझ्याकडे बघून हसली. पुढचे दोन दात नव्हते. "शाळेत गेलीस ना तू?"

"सहावीपर्यंत."

"हां. म्हनजे हे सातवीत असंल."

मलाही हसू आलं. कित्येक दिवसांत आलं नव्हतं असं.

टोपली भरल्यावर तिने एक मूठ फुलं खोडाशी, शेंदूर लावलेल्या दगडापुढे ठेवली आणि हात जोडले. तिचा देव वेगळा, माझा वेगळा. पण आमच्याकडे कापणीच्या सणाला पहिलं कणीस देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेतात, ते मला आठवलं. मी टोपली धरून बाजूला उभी राहिले.

मग घरी नेऊन तिने नाचणीची भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढे ठेवली. मी म्हटलं, "सोनीबाय, आमचे उपवासाचे दिवस आहेत. चाळीस दिवस मांसमच्छी नाही."

"मग कशाशी खानार?"

"मीठ-मिरचीशी."

"अगो, आमचा असा उपास पावसाळाभर चालतो," ती म्हणाली आणि चटणी उचलून मीठ-मिरची ठेवली. ती थट्टेत बोलली, पण पुढ्यात पडलेला भाकरीचा चुराही मी वेचून खाल्ला.

तिची सून वनिता दारात तांदूळ पाखडत होती. सातवा महिना असावा. मी म्हटलं, "दवाखान्यात दाखवलंत का? माझी मुलगी तिथे नवीन आलीय."

वनिता पाखडतच राहिली. सोनीबाय बोलली. "दाखवलं सुरवातीला. जी नर्स होती ना, तिला वनितानं सगळं सांगितलं. लाज सोडून सांगितलं. मंग ती गेली. दुसरी आली, तिला परत सांगितलं. तीबी गेली. आता तिसरीला कोन सांगनार? अंगाची गोष्ट काय बाजारात सांगायची असते, आज हिला उद्या तिला?" मग तिने मला रोखून विचारलं, "तुजी पोर राहनार हाय की जानार?"

मी भाकरीकडे बघत राहिले. माझ्यापाशी उत्तर होतं, पण ते त्या घरात बोलायची हिंमत नव्हती. सोनीबायने परत विचारलं नाही.

गुरुवार, दिवेलागण

तरी मी शलोमीला म्हटलंच. म्हटलं, "बॅग भर. शनिवारी दोघी जाऊ. मला इथे चांगली खूण दिसत नाही."

ती वजनकाट्याशी खटपट करत होती. काटा शून्यावर येत नव्हता. मान वर न करता म्हणाली, "मम्मी, खूण तू माझ्यासाठी शोधतेस की तुझ्यासाठी?"

"रडलीस ना काल?"

"रडले. मग? रडायला बंदी आहे का? आज डॉक्टरबाईंकडून त्यांच्या बोलीतले वीस शब्द लिहून घेतलेत." तिने काटा उलटा केला, फुंकर मारली, परत ठेवला. काटा शून्यावर आला. "बघ," म्हणाली. मला नाही, काट्याला.

मी वही उघडली. खाऱ्या पाण्याने पानं फुगली होती आणि बोंबलाचा वास येत होता. काही लिहिलं नाही.

शुक्रवार

नऊच्या सुमाराला मी ओटा पुसत होते. समोरून खाचरातल्या वाटेने बायका येताना दिसल्या. पुढे सोनीबाय, मागे वनिता, तिच्यामागे आणखी पाचजणी, दोघींच्या कडेवर पोरं. सोनीबाय आदल्या दुपारी पाड्यावर घरोघर फिरली होती, हे मला मागून कळलं. काय सांगत फिरली, तर म्हणे, "ती माझ्या मोहाखाली फुलं चोरनारी बाय हाय ना, तिची पोर. बाय साधी हाय, पोरबी साधी असंल."

पण ती ओट्यावर चढली नाही. खालीच थांबली, म्हणून बाकीच्याही थांबल्या. आवाज ऐकून शलोमी दारात आली. सोनीबायने तिच्याकडे बघितलंच नाही. त्यांच्यात मोठ्या माणसाला विचारतात. तिने मला विचारलं.

"काल बोलली नाय तू. आता बोल. राहनार ना?"

हातात ओलं फडकं घेऊन मी उभी होते. त्या क्षणी काहीतरी व्हावं असं मला फार वाटलं. पाखरू ओरडावं, वारा सुटावा, काहीही. काही झालं नाही. पळस होता तिथे होता. वनिता पोटावर हात ठेवून उन्हात उभी होती आणि तिच्या कपाळावर घाम होता. मला माझे वडील दिसले, दप्तर खुंटीला लावताना. त्यांनाही त्या दिवशी झोप हवी होती, बाकी काही नाही.

"राहणार," मी म्हटलं. "मी तिला ठेवून चाललेय."

माझा आवाज माझ्याच कानाला परका वाटला. शलोमी पायरी उतरून खाली गेली आणि वनिताचा हात धरून तिला वर घेऊन आली. सोनीबाय मागून चढली, ओट्यावर बसली आणि मला म्हणाली, "पानी दे. एवड्या जनींना बोलवून माझा गळा सुकला."

दुपारपर्यंत मी पाणीच देत होते. आतून शलोमीचा आवाज येत होता, त्यांच्या बोलीतले वीस शब्द चुकीचे बोलणारा, आणि बायकांचं हसणं. वनिताचं रक्त कमी निघालं. गोळ्या दिल्या, दर पंधरवड्याला यायला सांगितलं. वनिता जाताना दारात थांबली आणि शलोमीला पहिल्यांदा नाव विचारलं.

संध्याकाळी वही घेतली. त्या दिवसाच्या पानावर मी एकच शब्द लिहिला, 'झाडू'. मंडळात वाचून दाखवलं तेव्हा पाळकीणबाई म्हणाल्या, "हे निसर्गात कुठे बसतं?" मग ही सगळी हकीगत सांगावी लागली. त्याच म्हणाल्या, लिहून काढ.

शनिवार

जीप सुटायच्या आधी सोनीबाय आली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली वाळकी मोहाची फुलं माझ्या हातात दिली, गेल्या सालची. "तव्यावर भाज, तिळाबरोबर कुट. उपासाला चालतंय ना? झाडाचं हाय." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पोरीची काळजी करू नको असं मी नाय सांगत. तू करनारच. पन हितं मी हाय."

ती फुलं मी इस्टरच्या उपासनेनंतर लाडू करून मंडळात वाटली. सगळ्या म्हणाल्या, मनुकांसारखी लागतात. परतीच्या वाटेवर मी भरपूर रडले आणि अजूनही रोज दोनदा फोन करते. शलोमी आता 'आहे' म्हणायच्या जागी 'हाय' म्हणते. वनिता दर पंधरा दिवसांनी येते, तिचे दिवस अजून भरायचे आहेत. माझी काळजी गेली नाही. फक्त तिला आता तिकडे एक घर आहे.

सोनीबाय, हे तुझ्यासाठी. शलोमी, इथून पुढे मोठ्याने वाच. सोनीबाय, तू माझ्यासाठी घरोघर फिरलीस आणि मी तुला एक पेला पाणी देऊन आले. ते मी तसं राहू देणार नाही. पुढच्या लेंटला, शिमग्याच्या आधी, झाड उघडं असताना मी येईन. आमच्याकडच्या शिंदीच्या पानांचा नवा झाडू बांधून आणीन. तुझी कंबर दुखते, तू उंबऱ्यावर बस आणि कुठे पाला राहिला ते ओरडून सांग. पहिलं फूल कधी पडेल, विचारणार नाही. तोवर रोज मी झाडीन.